कोब्रा किट कार: विंडशील्डला तडा न जाता सन व्हायझर कसे बसवायचे?

उन्हाळी_पाखरू (मिशिगन)

नमस्कार मंडळी. गाडी कोब्रा रेप्लिका, म्हणजे त्या जुन्या उघड्या स्पोर्ट्‌स कारची सुट्या भागांतून जोडलेली नक्कल. काम उरकत आलंय. विंडशील्ड चौकटीसकट गाडीवर चढलेलं आहे. काच लॅमिनेटेड, चौकट क्रोमची. आता सन व्हायझर तेवढे राहिलेत. या गाडीची काच मुळात बुटकी आणि सीट खोल, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य बरोबर वरच्या पट्टीखाली येऊन बसतो. गॉगलने भागत नाही.

जो सेट मिळाला त्यात धुरकट अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या आहेत, प्रत्येकी ३०० × १२० मिमी, जाडी ३ मिमी. एका पट्टीला दोन बिजागऱ्या, एका बिजागरीच्या बैठकीला दोन स्क्रू. स्क्रू ८-३२ या अमेरिकी मापाचे, अर्धा इंच लांब. सोबत ना टेम्प्लेट, ना सूचना.

माझ्या शंका अशा: काच चौकटीत असताना ड्रिल मारलं तर चालेल का? भोक चौकटीच्या वरच्या पट्टीला वरून पाडायचं की आतल्या, म्हणजे ड्रायव्हरकडच्या बाजूने? बिट कितीचा? आणि भोकं न पाडता क्लॅम्पवर भागणार असेल तर तो मार्ग जास्त सुरक्षित आहे का? इथे हीच काच व्हायझर बसवताना फुटल्याचे बरेच किस्से ऐकलेत, म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.

आटेपाडू (भोसरी)

सगळ्यात आधी ते अर्धा इंची स्क्रू बाजूला काढून ठेवा, ते या कामाचे नाहीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. बैठक २ मिमी आणि पट्टीची भिंत अडीच-तीन मिमी धरली तरी स्क्रूचं टोक आत सात-आठ मिमी जाणार. तिथे काच आहे. भोक अगदी व्यवस्थित पाडून शेवटी सेटमधला स्क्रू आवळताना काच गेली, असं होतं ते यामुळेच. स्क्रू काचेला टेकला की हाताला फक्त घट्ट झाल्यासारखं वाटतं, माणूस अजून पाव फेरा देतो आणि तडा जातो.

ड्रिलचं नंतर बघू, आधी काच पट्टीत कुठपर्यंत शिरलीय ते शोधा. वरची पट्टी म्हणजे उलट्या यू आकाराची खाच. तिच्यात रबर, रबरात काच. दुधाच्या प्लास्टिकच्या बाटलीतून बोटभर रुंदीची पातळ पट्टी कापा, तिचं टोक गोल करा आणि रबर व धातू यांच्या मधून वर सरकवा. जिथे अडेल तो खाचेचा तळ. तिथे पेनाने खूण करून खोली मोजा. फीलर गेज किंवा पोलादी पट्टी घालू नका, काचेच्या कडेचा टवका उडवायला तेवढंही पुरतं. आता चौकटीवर मास्किंग टेप लावून त्या खोलीवर आडवी रेघ मारा. रेघेच्या वर भरीव धातू, खाली खाच. भरीव भाग सहा-सात मिमी निघाला तर भोक आतल्या बाजूने त्या भागातच घ्या, काचेचा प्रश्नच मिटतो. तेवढा नसेल तर आतल्या भिंतीत घ्यावं लागेल.

वरून, म्हणजे पट्टीच्या माथ्यावर भोक नकोच. माथ्याच्या बरोबर खाली काचेची कड असते आणि काचेचा सगळ्यात हळवा भाग तोच. आतल्या भिंतीत भोक असेल तर समोर काचेचा सपाट भाग येतो आणि मध्ये रबर असतं.

चौकट कशाची आहे तेही बघा. कोपऱ्याचा एखादा स्क्रू काढून भोकाच्या कडेला टॉर्च मारा. पिवळं दिसलं तर पितळ. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, क्रोमखाली निकेलचा थर असतो आणि निकेलला चुंबक किंचित धरतं. पितळ असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पितळ बिटला ओढून घेतं. नवा धारदार बिट भिंतीच्या पलीकडे निघताना स्क्रूसारखा आत खेचला जातो आणि हात आवरेपर्यंत काचेवर जाऊन आदळतो. यावर उपाय म्हणजे ऑइलस्टोनने बिटच्या दोन्ही धारा समोरून किंचित चपट्या करायच्या. केसाएवढी चपटी पुरे. मग बिट खरवडत जातो, खात नाही.

सेंटर पंच बिलकुल वापरू नका. हातोडीचा नको आणि दाबला की टक्‌ करणारा स्प्रिंगचा तर नकोच. अपघातात गाडीची काच फोडायला जे हत्यार देतात ते याच तत्त्वावर चालतं. क्रोमवर बिट घसरतो, म्हणून खुणेच्या जागी हातातल्या डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेलं छोटं घासायचं टोक) क्रोम खरवडून पिवळा ठिपका दिसू द्या आणि तिथे सेंटर ड्रिलने हलकी खळी करा.

तुमची मापं इथे टाका: पट्टीची बाहेरून उंची, खाचेची खोली, आतल्या भिंतीची जाडी, काचेची जाडी. त्यावरून स्क्रू ठरवू.

काचकाम (नाशिक)

वर सांगितलंय ते बरोबरच आहे. काच का फुटते याबद्दल थोडं लिहितो, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

लॅमिनेटेड विंडशील्ड म्हणजे साध्या काचेचे दोन थर आणि मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पडदा, बहुतेक वेळा ०.७६ मिमीचा. दाराच्या काचेसारखी ही टेम्पर केलेली नसते. त्यामुळे तिचा चुरा होत नाही, तडा जातो, आणि तो जवळजवळ नेहमी कडेपासून निघतो. काच कापताना कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतात. दाबाला काच भक्कम असते, ताणाला कच्ची. कडेवर एका बिंदूत दाब आला किंवा चौकट पिळली की त्यातली एखादी चीर उघडते. म्हणजे जोर किती लावला यापेक्षा तो किती छोट्या जागेवर आला हे महत्त्वाचं. बोटाने कितीही दाबा, काही होत नाही. पण पितळेचा एक कण रबर आणि काच यांच्या मध्ये अडकला आणि वरून चौकट आवळली, तर तो कण पुरतो.

दुसरं असं की तडा लगेच जाईलच असं नाही. बिट काचेला नुसता शिवला तर त्या दिवशी काही दिसत नाही. पुढे गाडी उन्हात तापते, रात्री थंड हवेत निवते, किंवा थंडीत डीफ्रॉस्टर लावला जातो, आणि सकाळी वरच्या पट्टीतून एक रेघ खाली उतरलेली असते. ओळखायची खूण सांगतो. ड्रिल करताना खाली पांढरा कागद धरा. पितळेचा चुरा पिवळा, चमकदार, सुईसारखा पडतो. त्यात राखाडी-पांढरी, बोटात चुरचुरणारी पूड दिसली की बिट काचेला लागला, तिथेच थांबा.

माझा सल्ला एकच: चौकट गाडीवरून उतरवा, वरची पट्टी काचेपासून मोकळी करा आणि मग ड्रिल मारा. काम वाढतं हे खरं, पण नवी काच, रबर आणि चौकट पुन्हा जुळवणं यापेक्षा कमीच. उतरवायला दोन माणसं हवीत. बाजूच्या खांबांचे बोल्ट दोन्हीकडून आळीपाळीने, थोडे थोडे सैल करा. एकीकडचे पूर्ण काढून दुसरीकडचे तसेच घट्ट ठेवले तर चौकट पिळते. टेबलावर घडीची जाड चादर, त्यावर चौकट आडवी. कोपऱ्यांचे स्क्रू काढा, रबराच्या कडेने साबणाचं पाणी सोडा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि वरची पट्टी दोन्ही टोकांना सारख्याच मापाने, हळूहळू वर सरकवा. निघत नसेल तर पट्टीखाली लाकडी ठोकळा लावून रबरी हातोडीने टिचक्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पट्टी निघाली की टॉर्च तिरकी धरून काचेची वरची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा. शिंपल्यासारखा टवका आधीपासून असेल तर काम करण्याआधीच काच बदला, ती पुन्हा बसवताना जाणारच आहे.

थंड गॅरेजमध्ये हे काम करू नका. रबर कडक असतं, जोर जास्त लागतो. आणि रबर मऊ करायला हीट गन तर मुळीच नको. एकीकडे काच तापली आणि शेजारी थंड राहिली की तडा ठरलेला.

उन्हाळी_पाखरू (मिशिगन)

दोघांचेही मनापासून आभार. मापं घेतली. कोपऱ्याच्या भोकात पिवळं दिसतंय, म्हणजे पितळ. पट्टीची बाहेरून उंची १४ मिमी, खाचेची खोली १० मिमी. आतली भिंत २.५ मिमी. काच ५.५ मिमी, रबर एका बाजूला १.२ मिमी. बिजागरीची बैठक २ मिमी जाड, तिची भोकं ४.३ मिमीची.

काच काढायची तयारी आहे, पण चौकट एकदा नीट जुळलीय, ती परत उघडायची भीती वाटते. काच जागेवर ठेवूनच, अगदी सांभाळून केलं तर?

आटेपाडू (भोसरी)

या मापांवर तरी काच काढल्याशिवाय होणार नाही. हिशोब मांडून दाखवतो.

माथ्याचा भरीव भाग १४ वजा १०, म्हणजे ४ मिमी. ८-३२ साठी टॅप ड्रिल, म्हणजे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे पाडण्याआधीच्या भोकाचा बिट, २९ नंबरचं, ३.४५ मिमी. चार मिमीच्या धातूत तेवढं भोक घेतलं तर वरखाली पाव-पाव मिमी धातू उरतो. म्हणजे भरीव भाग बाद, भिंतीतच जायचं.

भिंत अडीच मिमी. ८-३२ च्या आट्यांचं अंतर ०.७९ मिमी, म्हणजे भिंतीत जेमतेम तीन आटे. दर वेळी व्हायझर वरखाली करणार, वाऱ्याने तो थरथरणार, तीन आटे पितळेत टिकत नाहीत. त्याऐवजी एम३, म्हणजे ३ मिमी व्यासाचा मेट्रिक स्क्रू घ्या. त्याचं अंतर ०.५ मिमी, त्याच भिंतीत पाच आटे मिळतात. एम३ चं टॅप ड्रिल २.५ मिमी.

आता काच जागेवर आहे असं धरा. ११८ अंशांच्या बिटचं टोक व्यासाच्या सुमारे ०.३ पट लांब असतं, म्हणजे २.५ च्या बिटला पाऊण मिमी. भोक पूर्ण मापाचं होईपर्यंत हे टोक भिंतीपलीकडे पाऊण मिमी गेलेलं असतं. रबर १.२ मिमी. काचेपर्यंत उरलं ०.४५. ड्रिलपुरतं बिटवर पितळी नळीचं स्टॉपर चढवून हे कदाचित निभेल. पण टॅपचं काय? एक नंबरचा टॅप टोकाला सात-आठ आटे निमुळता असतो, दोन नंबरचा साधारण चार. म्हणजे दोन नंबरचा टॅप पूर्ण आटे पाडेपर्यंत पलीकडे दोन मिमी जायला हवा आणि तिथे काच बसलेली आहे. फक्त तीन नंबरच्या टॅपने सुरुवात करता येत नाही, तो वाकडा चढतो. जागेवर काम करणाऱ्यांचं लक्ष सगळं ड्रिलकडे असतं आणि काच टॅप फोडतो. तेव्हा काच काढा.

पट्टी हातात आली की काम सोपं आहे. खाचेत घट्ट बसेल असा लाकडाचा तुकडा घाला, म्हणजे व्हाइसमध्ये भिंती चेपत नाहीत. व्हाइसच्या जबड्यांना चामडं किंवा जाड पुठ्ठा. ड्रिल प्रेस मिळाला तर उत्तमच. २.५ चं भोक, मग एक, दोन, तीन नंबरचे टॅप क्रमाने. आटे पाडून झाले की आतल्या बाजूने, म्हणजे रबर बसतं त्या बाजूने, भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची उचललेली धारदार कड, उभा राहतो. त्यावर नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तो बर रबराला एका बिंदूत दाबणार. बारीक कानस आत जात नसेल तर वॉटर पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून घासा, नख अडकायचं थांबेपर्यंत. बाहेरच्या बाजूला मोठ्या बिटने, हाताने फिरवून, नुसती कड मोडा म्हणजे स्क्रू आवळताना क्रोम उचकटत नाही.

स्क्रूची लांबी: बैठक २, खाली १ मिमीची निओप्रीनची गादी (आवळल्यावर ०.८ धरा), एम३ चा वॉशर ०.५. झाले ३.३. भिंतीचे २.५ मिळवून ५.८. बाजारात ६ मिमीचा एम३ मिळतो, तो ०.२ ने पलीकडे निघेल. म्हणून ०.४ कानस मारून ५.६ करा, टोक भिंतीच्या ०.२ आतच राहील. कानस मारण्याआधी स्क्रूवर नट चढवून ठेवा. मारून झाल्यावर नट उलटा काढला की टोकाचे आटे आपोआप साफ होतात. स्क्रू स्टेनलेसचा, पॅन हेड. बैठकीची भोकं ४.३ ची असल्याने वॉशर हवाच, पण त्याचा फायदाही आहे: चारही दिशांना अर्धा-पाऊण मिमी सरकवायला जागा मिळते. ती लागेल, कारण वरच्या पट्टीला थोडा बाक असतो.

आठही स्क्रू नुसत्या पट्टीत, काच नसताना पूर्ण आवळून खाचेतून बोट फिरवा. एकही टोक बोटाला लागता कामा नये. मगच काच.

विलीज४४ (कोल्हापूर)

उत्तम चर्चा चाललीय. क्लॅम्पचा प्रश्न मागे राहिला म्हणून लिहितो. भोक नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. पट्टीच्या पुढच्या-मागच्या भिंतींना चिमटा काढणारा क्लॅम्प त्या भिंतीच काचेवर दाबतो, आणि तोही एकाच जागी. क्लॅम्प लावायचाच तर तो माथ्याच्या भरीव भागाला धरणारा हवा. तुमच्याकडे तो चारच मिमी आहे, त्यामुळे जमेलसं वाटत नाही.

चिकटपट्टीचा पर्याय, म्हणजे ३एम व्हीएचबी, छोट्या हलक्या व्हायझरला चालतो. क्रोम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, दहा अंशांच्या खाली चिकटवायचं नाही आणि ७२ तास हात लावायचा नाही. पण बिजागरीचा भार सोलून काढल्यासारखा येतो आणि सोलण्याला कुठलीही चिकटपट्टी कमजोरच. व्हायझर काचेच्या वर उभा राहिला तर ताशी ११० किमीला ३०० × १२० च्या पट्टीवर दोन-अडीच किलोचा जोर येतो. माझ्या मते या मापाला स्क्रूच.

एक विचारायचंय. जुन्या जीपच्या पुढे पडणाऱ्या विंडशील्डवर व्हायझर लावायचे तर हीच पद्धत का?

आटेपाडू (भोसरी)

नाही भाऊ, जीपची चौकट पत्र्याची, आतून पोकळ. त्या पातळ पत्र्यात आटे टिकत नाहीत. एम४ चे रिव्हेट नट घाला. भोक ६ मिमीचं, नटाचं अंग साधारण १०-११ मिमी, तेवढी पोकळी मागे आहे ना ते बारीक तारेचा आकडा घालून मोजा. नट आवळला की मागे फुगतो, तो फुगा काचेच्या खाचेकडे जाणार नाही अशी जागा निवडा. भोकाच्या कडेला प्रायमर लावायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

कव्हेंट्रीकर

इंग्लंडातून थोडी भर. या गाडीला छत नाही, त्यामुळे व्हायझरला टांगायला चौकटीशिवाय जागा नाही. मूळ आखणी एसी कंपनीच्या १९५३ च्या ‘एस’ (Ace) गाडीची, आणि १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने तिच्यात फोर्डचं व्ही-८ घालून कोब्रा केली. बाहेर काढता येणारी छोटी चौकट तेव्हापासून तशीच आहे. ती चौकट भार घेण्यासाठी बनवलेलीच नाही, म्हणून व्हायझरचा पीळ तिच्यापर्यंत जाऊ न देणं हे अर्धं काम आहे.

हा पीळ येतो बाकामुळे. एका व्हायझरच्या दोन बिजागऱ्या बाकदार पट्टीवर बसल्या की त्यांच्या पिना एका रेषेत राहत नाहीत. तसंच आवळलं तर दर वेळी व्हायझर फिरवताना अ‍ॅक्रिलिकची पट्टी वाकते आणि चौकटही ओढली जाते. बैठका सैल ठेवून दोन्ही पिनांच्या जागी एकच सरळ सळई ओवा. ती बोटाने सहज फिरली पाहिजे. फिरत नसेल तर बैठकीच्या ज्या कडेला फट आहे तिथे पातळ पत्र्याची शिम गादीखाली सरकवा. सळई मोकळी फिरते आहे हे बघत स्क्रू आवळा. आवळणं तीन बोटांत धरलेल्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने, मूठ वापरायची नाही. एम३ ला अर्धा न्यूटन-मीटर पुष्कळ झाला.

स्क्रू सुटू नयेत म्हणून लॉकटाइट लावणार असाल तर २२२ घ्या, जांभळं. ते बारीक स्क्रूंसाठीच असतं. पण अ‍ॅक्रिलिकपासून लांब ठेवा. हे द्रव ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला लागलं की भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि पट्टी तिथूनच मोडते. चौकटीचे स्क्रू आधी लावा, द्रव पूर्ण वाळू द्या, मग पट्टी चढवा. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रेसुद्धा अ‍ॅक्रिलिकला तसाच वाईट, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच.

पट्टीची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा. अ‍ॅक्रिलिक तापमानाने बरंच वाढतं: ३०० मिमीची पट्टी ४० अंशांच्या फरकात सुमारे ०.८ मिमी. म्हणून एम३ च्या स्क्रूला ४ मिमीचं भोक आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर. नवं भोक पाडायचं असेल तर पट्टीच्या मागे लाकूड घट्ट दाबून धरा आणि वर सांगितल्याप्रमाणे धार चपटी केलेलाच बिट वापरा. तो अ‍ॅक्रिलिकलाही चालतो.

बिजागरीत घर्षण हवं. पिनेच्या टोकाला नायलॉक नट आणि वेव्ह वॉशर लावला तर व्हायझर ठेवाल तिथे राहतो. सैल राहिला तर वारा त्याला उचलून काचेवर आपटतो. व्हायझर पूर्ण खाली असताना त्याच्यात आणि काचेत किमान १० मिमी अंतर ठेवा आणि काचेकडच्या बाजूला दोन छोटे रबरी ठिपके चिकटवा. शेजारच्याने चढता-उतरता हात टेकला तर पट्टीची कड काचेला थेट लागत नाही. हायवेवर मात्र व्हायझर वर उभे ठेवून जाऊ नका, एकतर खाली हवेत नाहीतर काढलेले.

आणि भोकं पाडण्याआधी सॉफ्ट टॉप एकदा चढवून बघाच. त्याची पुढची कड याच वरच्या पट्टीवर येते आणि बैठका तिच्या आड आल्या तर आठ भोकं वाया जातील. पुठ्ठ्याचे नमुने कापून टेपने चिकटवा, सीटवर बसून बघा. आरसा मध्ये येतोय का, खालची कड रस्ता झाकतेय का हे तेव्हाच कळतं. इकडे किट कारला आयव्हीए तपासणी पार करावी लागते आणि त्यात डोकं आदळू शकेल अशा जागेतल्या टोकदार कडा पाहतात. तुमच्याकडे ती नसली तरी व्हायझरच्या पट्टीचे कोपरे गोल करा, कपाळाच्या उंचीवर येतात ते.

उन्हाळी_पाखरू (मिशिगन)

सगळं टिपून घेतलं. पट्टी काढूनच करतो, ठरलं. शेवटचे दोन प्रश्न. काच परत बसवताना काय सांभाळू? आणि व्हायझरऐवजी काचेला वरून रंगीत फिल्मची पट्टी लावली तर?

काचकाम (नाशिक)

फिल्मचं आधी. तुमच्याकडे विंडशील्डवर एएस-१ अशी खूण असते. तिच्या वरच्या भागात आरशासारखी न चमकणारी फिल्म अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत चालते, तरी तुमच्या राज्याचा नियम बघूनच घ्या. अडचण वेगळी आहे. ही काच एवढी बुटकी की दोन-अडीच इंचांवर फिल्म आली तर ट्रॅफिक सिग्नल तिच्या आड जातो. शिवाय ती दिवसभर डोळ्यांपुढे राहते, व्हायझर संध्याकाळपुरता खाली येतो. व्हायझरच बरा.

काच बसवताना पहिलं म्हणजे खाच स्वच्छ. ब्रशने झाडा, व्हॅक्यूमने ओढा, मग ओल्या फडक्याने पुसा आणि फडक्यावर पिवळा कण दिसेनासा होईपर्यंत पुसत राहा. रबर जुनं असेल आणि बोटाने वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर नवं घाला. काचेच्या कडेला रबर सबंध लांबीत सारखं चढलंय ना, कोपऱ्यात दुमडलं तर नाही, हे पाहूनच पट्टी चढवा. वंगण फक्त साबणाचं पाणी. ग्रीस किंवा तेल लावलं तर रबर फुगतं.

पट्टी दोन्ही टोकांना सारखी खाली यायला हवी. रुंद रॅचेटचा पट्टा चौकटीभोवती फिरवून कोपऱ्यांवर लाकडाचे ठोकळे ठेवा आणि एक-एक दात आवळा. प्रत्येक दातानंतर दोन्ही कोपऱ्यांतली फट मोजा. एका कोपऱ्यात फट मिटली आणि दुसऱ्यात दोन मिमी राहिली, तर पट्टा सोडून रबर तपासा, जोर लावून ती मिटवू नका. कोपऱ्यांचे स्क्रू आधी चारही सैल बसवा, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा. जो स्क्रू जिथून निघाला तिथेच परत जायला हवा, कोपऱ्यातही लांब स्क्रू काचेला टेकू शकतो. काढतानाच पुठ्ठ्यावर चौकटीचं चित्र काढून त्यात स्क्रू टोचून ठेवा.

गाडीवर चढवताना खांबांचे बोल्ट आवळण्याआधी चौकट हाताने सोडून बघा, ती आपल्या आपण जागेवर उभी राहिली पाहिजे. बोल्टने ओढून जागेवर आणावी लागत असेल तर खांब आणि चासीच्या मध्ये शिम घाला. ती ओढ कायमची काचेत राहते आणि मग दोष व्हायझरच्या माथी येतो.

व्हायझर सगळ्यात शेवटी. बसवल्यावर समोरून, काचेतून, भिंतीमागचं रबर बघा. स्क्रूच्या जागी ते फुगलेलं दिसलं तर तो स्क्रू अजून लांब आहे, काढून पुन्हा कानस मारा. त्यानंतर गाडी एक पूर्ण दिवस उन्हात उभी ठेवा, रात्री बाहेरच राहू द्या आणि सकाळी टॉर्च तिरकी धरून वरची कड तपासा. पहिल्या तीन-चारशे मैलांनंतर स्क्रू एकदा हाताने चाचपून बघा. निओप्रीन दबतं, त्यामुळे थोडे सैल झालेले असतात. तेव्हा आवळताना लॉकटाइट पुन्हा लावावं लागेल. आणि गादी जास्तच दबली असेल तर स्क्रूचं टोक तेवढं आत गेलंय हे लक्षात घेऊन आधी एक स्क्रू काढून त्याची लांबी नव्याने मोजा.